लिस्बनच्या नावाचा खिमा

बेलार्मिनो नोरोन्यानं लिस्बन कधी पाहिलं नव्हतं. मकाव सोडून गेला असेल तर हाँगकाँगपर्यंत, तोही बोटीत ओकत गेला आणि ओकत परत आला. पण तोंड उघडलं की गडी थेट लिस्बनच्या राजवाड्याखालून आल्यासारखा बोलायचा. नाकातून, ओठ आवळून, एकेका शब्दाला इस्त्री मारून. बंदर-कचेरीत दुय्यम कारकून होता, तिथं बोलला असता तर एक वेळ ठीक होतं, पोटासाठी माणूस काय काय करतो. हा घरात मांजर हाकलतानाही तसंच बोलायचा. मांजर जागचं हलायचं नाही.

आमच्या साँ लाझारोच्या गल्लीत आया-मावश्या बोलतात ती बोली त्याला लाजेची वाटायची. तीत पोर्तुगीज आहे, मलाक्क्याचं आहे, गोव्याकडचं आहे, चिनी आहे. जे जे बोटीतून उतरलं ते बायकांनी एकाच पातेल्यात घालून शिजवलं. बेलार्मिनो त्याच बोलीत रडला, त्याच बोलीत त्यानं दूध मागितलं, आणि लहानपणी फताक-फताक चालायचा म्हणून त्याच बोलीत त्याला ‘आदे’ नाव पडलं. आदे म्हणजे बदक. आमच्याकडं घरातलं नाव माणसाच्या थडग्यापर्यंत जातं, पण ह्यानं लग्नानंतर फर्मान काढलं की ह्या नावानं कुणी हाक मारायची नाही. बायकोनं ऐकलं. त्याला वाढवलेली मावशी, टीटी पुल्केरिया, तिनं ऐकलं नाही.

त्या साली कचेरीतले बडे कारकून थकून घरी बसायला निघाले. त्यांची खुर्ची रिकामी होणार आणि ती कुणाला द्यायची ते नवा साहेब ठरवणार. सेन्योर तावारेस नुकताच लिस्बनहून आला होता. पोट पुढं, माणूस मागं. बेलार्मिनोला त्या खुर्चीची स्वप्नं पडत होती. स्पर्धेत दुसरा होता लिओन्सियो, शेजारच्याच घरातला, जांभया देत काम करणारा, कोणाच्या घरी काय शिजलंय ते वासावरून सांगणारा. त्याला बेलार्मिनो माणसांत धरत नव्हता.

पन्नासाव्या वाढदिवसाला बेलार्मिनोनं साहेबाला ‘चा गोर्दू’ला बोलावलं. नावाला चहा. खरं म्हणजे टेबल वाकेल एवढं खाणं. टीटी आठवडाभर चुलीशी होती. खिमा परतला, तांदळाच्या पारीची आपाबिको वाफवली, डुकराचं मांस हळदीत मुरवलं, नारळाचा आलुआ घोटला. बेलार्मिनो कचेरीतून आला तो पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या घेऊन. प्रत्येक ताटापुढं एक रोवली.

“आरं आदे, ह्ये काय लिवलंस?” टीटीनं पदार्थांवरची माशी हाकलत विचारलं.

“मावशी, ते नाव घेऊ नका. ही पदार्थांची शुद्ध नावं आहेत. हा लिस्बन पद्धतीचा बारीक खिमा. ह्या वाफवलेल्या मांसपूरित करंज्या.”

“आपाबिको म्हनायला तुजी जीभ झडती व्हय?”

“साहेबांपुढं ते म्हणायचं नाही. आणि मावशी, आणखी एक विनंती. उद्या आपण कोणीही घरची बोली बोलू नये.”

“मग काय बोलू? मला दुसरं येतंय कुटं?”

“बोलूच नका.”

टीटीनं डाव पातेल्यावर ठेवला. मग म्हणाली, “बरं बाबा. न्हाई बोलत.” आणि खिम्यात बालिशांवचा एक चमचा जास्तीचा घातला. आंबवलेल्या जवळ्याचा तो वास घरात नको, असंही बेलार्मिनोनं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. गल्लीतल्या साऱ्या मावश्या काळे रेशमी झगे घालून भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड उघडायचं नाही म्हणून टीटीनं सगळ्यांना बजावून ठेवलेलं. एरवी आमच्या चा गोर्दूत एवढा कालवा असतो की रस्त्यावरचं कुत्रं बिचकतं. आज चमचा पडला असता तर बाँबसारखा वाजला असता. साहेबानं विचारलं, “या तुमच्या मावशी का?” म्हातारीनं होकाराची मान डोलावली. “छान वास येतोय, काय आहे हे?” म्हातारीनं चिठ्ठीकडं बोट केलं.

आता आमची एक रीत आहे. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई “चला, बसा, खावा” अशी हाक मारत नाही तोवर चा गोर्दूच्या टेबलाला कुणी हात लावत नाही. बापाला सुद्धा मुभा नाही. एवढं बेलार्मिनोला ठाऊक नव्हतं असं नाही. लिस्बनच्या नादात त्याच्या डोक्यातून ते गेलं होतं.

तो उभा राहिला. घसा खाकरला. “मान्यवर हो, आपण कृपया भोजनास प्रारंभ करावा.”

कुणी हललं नाही. सगळ्या मावश्यांनी टीटीकडं पाहिलं. टीटीनं दोन बोटं ओठांवर ठेवली.

“मावशी,” बेलार्मिनो दात आवळून कुजबुजला, “बोलवा सगळ्यांना.”

टीटीनं नकाराची मान हलवली. बोलायची बंदी होती ना.

“एक वेळ बोला!”

म्हातारी छताकडं बघत बसली. साहेबाला वाटलं प्रार्थना व्हायची असेल, तोही हात जोडून बसला. तोंडाला पाणी सुटलेलं, ते गिळत बसला. मग त्याला राहवलं नाही, त्यानं आपाबिकोकडं हात नेला, तर भिंतीकडल्या साऱ्या मावश्या एकदम त्याच्या हाताकडं बघू लागल्या. चोरी करताना सापडल्यागत त्यानं हात मागं घेतला. पुढं एक कप कोरा चहा प्यायला आणि उठला. दारात म्हणाला, “नोरोन्या, तुमच्या घरात कुणी वारलंय का? मला आधी सांगायचं होतंत.” घाईत त्याची छत्रीही राहून गेली.

बेलार्मिनो रात्रभर उताणा पडून होता. टीटी मात्र छान घोरली.

चा गोर्दूचं उरलं की दुसऱ्या दिवशी त्याचा डियाबो होतो, डियाबो म्हणजे सैतान. उरलेलं सगळं मांस एका पातेल्यात, वर मोहरी, लोणचं, मिरच्या. एरवी उरतं ते कोपऱ्या-काठाचं. ह्या वेळी अख्खं टेबलच उरलं होतं. रविवारी चर्च सुटल्यावर गल्लीतल्या मावश्या स्वयंपाकघरात जमल्या आणि कालचा सगळा दिवस तोंडानं भरून काढायला लागल्या. लिओन्सियो तर स्वतःची वाटी घेऊनच आला.

तेवढ्यात छत्री न्यायला साहेब आला. छत्री दारापाशी होती, तरी तो थेट चुलीपर्यंत गेला.

“खावा की, हुबं का?” टीटी म्हणाली आणि त्याच्या हातात ताट दिलं. आज बंदी नव्हती. साहेबानं एक ताट संपवलं, दुसरं संपवलं, घाम पुसला, तिसरं मागितलं. टीटी काहीतरी म्हणाली आणि बायका पोट धरून हसल्या.

“नोरोन्या, त्या काय म्हणाल्या?”

बेलार्मिनो दारात उभा होता. सगळ्या मावश्या त्याच्याकडं बघत होत्या. त्याला फक्त एक वाक्य सांगायचं होतं.

“क्षमा असावी, महोदय. ही अशिक्षितांची बोली मला अवगत नाही.”

टीटीनं डाव खाली ठेवला.

“आवगत न्हाई? आरं आदे, तुजं ढुंगण कुन्या भाषेत धुतलं म्यां?”

“आता काय म्हणाल्या?” साहेबाला राहवेना.

लिओन्सियोच्या तोंडात घास होता. तो गिळून त्यानं सगळं शब्दाशब्दानं सांगितलं. आधीचंही सांगितलं, की ‘ह्या पातेल्यात सैतान घुसला की ह्या पाहुण्यात, ते पोट बघून कळंना.’ आणि आदे म्हणजे काय तेही सांगितलं. साहेब इतका हसला की खुर्ची चरचरली. मग बोटं चाटत म्हणाला, “ह्या गावात माझ्यासाठी बोलणारा माणूस हवाच होता मला. नाहीतर मी उपाशी मरेन.”

खुर्ची लिओन्सियोला मिळाली. कामात तो आधीइतकाच आळशी आहे, पण कुठल्या घरी कधी डियाबो आहे ते तो साहेबाला बरोबर सांगतो. बेलार्मिनो सगळ्यांना सांगत फिरतो की माझी भाषा साहेबांपेक्षा शुद्ध होती, त्याचा त्यांना मत्सर वाटला.

आता साहेब केबिनमधून आरोळी ठोकतो, “आदे! फाईल आण!” अख्खी कचेरी खाली मान घालून हसते. बेलार्मिनो ओठ आवळतो, “जशी आज्ञा, महोदय,” म्हणतो आणि उठून जातो. चालतो मात्र अजून तसाच, फताक-फताक.