दाराबाहेरची बाई

ती कोण, कुठली, मला माहीत नाही. सेक्टर दहाच्या बाजारात नवं शौचालय झालंय, त्याच्या पायरीवर ती फडकं पिळत बसली होती. मी घाईघाईनं दहाचं नाणं पुढे केलं. तिनं भिंतीवरचं यंत्र दाखवलं. "यहाँ नगदी नहीं चलता. फोन से पैसा डालो, तब दरवाजा खुलता है."

माझ्याकडे तसा फोन नाही. "आता कसं करू माय," मी पुटपुटले.

मराठी ऐकून ती हसली. "मले बी जाचं हाये. माहा फोनही बटनवालाच. सकाळी धुवाले ठेकेदार उघडून देते, मंग दिवसभर बंद."

जी बाई ते रोज घासते तिलाच आत जाता येत नाही, हे मला खरं वाटेना.

तेवढ्यात एक माणूस आला. लाजेनं मला तोंड वर करवेना. तिनंच हाक मारली, "भैया, लेडीज वाले में एक स्कैन कर दो." त्यानं केलं आणि माझं नाणं घेऊन तो गेला. दार उघडताच तिनं मला आत ढकललं. "तुमी जा आधी. मले सवय हाये."

बाहेर येताना मी दार धरून ठेवलं आणि म्हटलं, "या."

ती उठली नाही. तिनं वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "सोडा ताई. एका पैशात दोघी गेल्या का ठेकेदार माह्या पगारातून कापते."

मी हात काढला, दार आपोआप लागलं. तिनं गुडघे घट्ट आवळले होते, ते मला तेव्हा दिसलं. मी आणखी एक नाणं काढलं आणि तिच्या शेजारी बसले. बराच वेळ फोनवालं कोणी आलं नाही.