वनमालाची वाटी

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. विक्रोळीतल्या आमच्या चाळीत नळ सहाला जायचा, म्हणून पिंप भरून मी भेंडी परतत होते आणि हे दाढी करता करता रुमाल शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. बोटाच्या पेराने दोनदाच, ऐकू आलं नाही तरी चालेल असं.

दारात शेजारच्या खोलीतली वनमाला. बाळंत होऊन सहा दिवस झालेले, पाय सुजलेले, पदराखाली स्टीलची वाटी.

"वहिनी, पंधरा मिनिटं आत येऊ? आमच्या आई रॉकेलच्या रांगेत गेल्यात."

"ये. पण तुला उठायला कुणी सांगितलं?"

"झोपलं तर जास्त ठणकतं."

ह्यांनी रुमालाचा नाद सोडला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. वनमाला ओट्याखाली भिंतीकडे तोंड करून बसली. ब्लाउज सोडला तसा मोगऱ्याचा वास भेंडीच्या वासावर चढला. छातीभोवती जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली आणि तिच्या आत कळ्याच कळ्या.

"दूध आटावं म्हणून," ती म्हणाली. "आई रोज संध्याकाळी ताज्या बांधतात."

तिची मुलगी सातव्या महिन्यात झालेली, सव्वा किलोची. घाटकोपरच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. ओढायची ताकद नव्हती, नळीतून थेंब थेंब सोडायचे. लता सिस्टरने वनमालाला घरी पाठवताना बजावलं होतं, दर तीन तासांनी हाताने काढ, रोज पाठव. ओढणारं तोंड नसलं की दूध परत फिरतं. पण तिच्या सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी, मूल जगायचं नाही हे मनाशी धरलं होतं. नवरा शिवदास कारखान्यात मशीन चालवायचा. आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे.

मी बी.ए. झालेली, दोन मुलं अंगावर पाजलेली. पण हाताने दूध काढायचं कसं, ते मला त्या बावीस वर्षांच्या पोरीने दाखवलं. गरम फडक्याने शेकायचं, बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आत दाबायचं, मग पुढे. आधी नुसते थेंब. वरच्या मजल्यावरचं तान्हं रडलं आणि एकदम धार लागली, दोन्हीकडून. वाटीच्या तळावर टणटण वाजली आणि मग आवाज बसका झाला.

"कुणाचंही रडलं तरी येतं," ती म्हणाली. "अक्कल नाही त्याला."

अर्धी वाटी भरली. औषधाची एक बाटली मी उकळून घेतली, दूध तिच्यात भरलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. "मी नेते," म्हणाले.

जाण्याआधी तिने पट्टी पुन्हा छातीभोवती घेतली आणि पाठ माझ्याकडे केली.

"गाठ माराल? आई चाचपून बघतात."

मी गाठ मारली.

त्या दिवसापासून सकाळचं दूध घेऊन बसने मी घाटकोपरला जायची. दुपारी सुगंधाबाईंचा डोळा लागला की वनमाला परत यायची. पण आमच्याकडे फ्रिज नव्हता. दुपारचं दूध त्या उकाड्यात सकाळपर्यंत टिकायचं नाही. ते मोरीत ओतावं लागे. मी ओतताना ती खिडकीकडे बघायची. मग पाठ फिरवायची आणि मी गाठ मारायची.

एकदा नळावर सुगंधाबाईच भेटल्या. कळशी नळाखाली लावून आपल्या मालवणीत म्हणाल्या, "आमच्या वनमालाचा येणाजाणा वाढला हां तुमच्याकडे."

"घरात कोंडल्यासारखं होतं तिला."

"होवचाच. माझ्या भैणीचाही असाच बाळ गेला. दूध आत रवला, छाती पिकली. पंधरा दिवसांनी ती गेली. मी पट्टे बदलूक होतंय तिचे." कळशी भरून वाहत होती. "नातीचा काय ता देव बघील. हिका तरी माका वाचवूक व्हयी."

त्यांच्या हाताला मोगऱ्याचा वास येत होता. तेव्हा सांगायला हवं होतं, की दूध काढत राहिलं तर छाती पिकत नाही, उलट अशी आवळलीत तरच पिकेल. लता सिस्टरने मला हे नीट समजावलं होतं. मी हंडा उचलला आणि घरी आले.

बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी वाटी पाव भरली. बाराव्या दिवशी तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आली, अंगात कणकण. हॉस्पिटलात शेजारची पेटी रिकामी झाली होती. आत नुसती चादर. लता सिस्टरने आमच्या बाळाचं वजन सांगितलं, चार दिवसांत साठ ग्रॅम वाढलं होतं. मग बाटली उजेडात धरली.

"आता तिला जास्त लागणार, आणि तुम्ही कमी आणताय. वरचं दूध तिच्या पोटाला झेपत नाही. एकदा दिलं, पोट टम्म फुगलं. पावडरवर ठेवली तर माझा भरवसा नाही."

हे मी वनमालाला जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय करणार?

चौदाव्या दिवशी ती आली तेव्हा कळ्या पार कोमेजून पिवळ्या पडलेल्या होत्या. तिने शेकलं, दाबलं, पुन्हा शेकलं. वाटीचा तळही झाकला नाही. वरच्या मजल्यावर तान्हं रडायला लागलं. आम्ही दोघी वाटीकडे बघत राहिलो. ते पोटभर रडलं, त्याच्या आईने उचललं, गप्प झालं. काही आलं नाही.

चमचाभर दूध मी बाटलीत घेतलं. वाटीच्या कडेला चिकटलेले थेंब तिने बोटाने निपटून दिले. मग सवयीने मी पट्टी उचलली आणि पुढे झाले.

तिने पाठ फिरवली नाही.

"वहिनी, मला आईंपुढे बोलता येत नाही. आमच्या ह्यांना तर नाहीच. तुमचं त्या ऐकतील," ती म्हणाली. "आज तुम्ही येऊन त्यांना सांगा, फुलं बांधू नका."