गळालेली माणसं

कॉलेजात तिला सगळे सरासरी म्हणायचे. काहीही विचारा, "सरासरीने बरं आहे," हेच तिचं उत्तर. संख्याशास्त्र शिकून ती औषध कंपनीत लागली, तेव्हा आईने गल्लीभर सांगितलं, "पोरगी आकडे लावते." लोकांना वाटलं, पोर जुगाराला लागली.

आईचे गुडघे कायम ठणकायचे. कंपनीत गुडघेदुखीची नवी गोळी होतेय हे कळल्यापासून तिचं एकच पालुपद, "झाली का गं तुझी गोळी?"

गोळी माणसांना देऊन तपासून झाली होती. निष्कर्ष तिने काढायचा, खाली सहीही तिचीच. गुडघे सुधारत होते, ते खोटं नाही. पण बऱ्याच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या आणि त्यांनी गोळी मध्येच सोडली.

साहेब म्हणाला, "हे मध्येच सोडणारे काढून टाका. ज्यांनी पूर्ण औषध घेतलं तेवढेच धरा. जरा साफ करा."

"साहेब, रक्त ओकले म्हणून सोडली त्यांनी."

"म्हणजे नियम मोडला ना? मग झालं तर."

मांजरही आपल्या घाणीवर माती ओढतं, पण त्याला संशोधन म्हणत नाही. सरासरीने सही करायला नकार दिला.

साहेबाने सल्लागार बोलावला. दारातून आले ते कॉलेजातले तिचेच सर. फळ्यासमोर खडूने माखून ओरडायचे, "चाचणीतून गळाले त्यांना आधी विचारा, का गळालात! त्यांना विसरणाऱ्याने स्मशानात नोकरी बघावी." आता अंगाला अत्तराचा वास. खोली गार आहे का, एवढंच त्यांनी आधी पाहिलं.

कागद चाळून म्हणाले, "ठीक आहे की. पूर्ण घेणाऱ्यांवरच गुण ठरवायचा."

"सर, याच चुकीला तुम्ही मला शून्य दिलं होतंत."

"ती परीक्षा होती गं. हे पोट आहे."

"मी पण पोटाचंच म्हणतेय."

सर हसले. बिस्किटाचा चुरा ओठावरून पुसला आणि त्याच बोटांनी पेन धरून तिच्या जागी सही ठोकली. ज्या हाताने तिला आकड्याचं इमान शिकवलं, तो हात उष्टं ताट चाटणाऱ्या जिभेसारखा कागदावरून फिरला.

तिला दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा कोणता रंग लोकांना आवडतो, ते मोजायला बसवलं. बहुतेकांना गुलाबी आवडतो.

गोळी बाजारात आली. आई पाय चोळत म्हणाली, "तुझ्याच कंपनीची ना? आण की मग."

"नको. तिच्यात ओकणारी माणसं मोजलेली नाहीत."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग ती गेली कुठं?"

"साफ केली."

आई थुंकायला उठून मोरीपर्यंत गेली. गुडघे दुखत होते तरी उठली.