ओटोरावांचं मूळ गाव

"मला आईशेजारी पुरू नका" असं सांगून माझे व्याही आज गेले.

ओटोराव. माझ्या सुनेचे, हानाचे वडील. जर्मन माणूस, पण माझी शेंगदाण्याची आमटी ओरपायचे. डोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढे!

हिवाळ्यात दोहाला आमच्याकडे यायचे. वर्ल्डकपसाठी अख्खं गाव खणलेलं, मग आम्ही अल मुंतझाच्या फ्लॅटमध्येच गप्पा मारायचो. त्यांना मराठी नाही, मला इंग्लिश नाही. मध्ये नात मीरा, दोन्हीकडचं सांगायला.

एकदा मी सहज विचारलं, आपण कुणालाही विचारतो तसं, "मूळ गाव कुठलं हो तुमचं?"

मीरा म्हणाली, त्यांना ठाऊकच नाही. दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांच्या छावणीत जन्मले. आई रुमेनियाकडची एवढंच माहीत, गाव तिने कधी सांगितलंच नाही.

"अहो, मूळ गाव नाही असं कसं?"

झालं! त्यांनी ते मनावरच घेतलं.

रुमेनियाकडची जर्मन माणसं तेव्हा जर्मन सरकारने उचलून दुसरीकडे वसवली होती, घरटी नोंद करून. ते कागद अजून आहेत म्हणे. ओटोरावांनी मागवले.

गाव सापडलं! मी टाळ्याच वाजवल्या. शिरा टाकला.

मीरा पुढे वाचत होती. "आजी, इथे एक मुलगी आहे. एल्सा. आजोबांची बहीण."

बहीण? त्यांची आई तर जन्मभर म्हणायची, तू माझा एकटाच.

चार वर्षांची पोर. चालता येत नाही म्हणून तपासणीत बाजूला काढली, दवाखान्यात ठेवली. आईबाप पुढे गेले. त्यानंतर कुठल्याच कागदात तिचं नाव नाही. अशी पोरं तेव्हा दवाखान्यातून परत यायची नाहीत म्हणे.

शिरा कुणी खाल्ला नाही.

मी म्हटलं, "लढाई होती हो. बाई काय करणार?"

मीराने त्यांचं उत्तर सांगितलं. "लढाईत नाइलाज होता, मान्य. पण मी आईला शेवटपर्यंत सांभाळलं. तेव्हा कुठे लढाई होती? तेव्हाही तिने एल्साचं नाव काढलं नाही."

मग लॅपटॉप मिटून म्हणाले, "खलास." हा अरबी शब्द मात्र आम्हा दोघांना येत होता.

मी शिऱ्याच्या वाट्या उचलल्या. आजही मला त्यांच्या आईचा रागच येतो.

जर्मनीची मॅच बघायला येणार होते. राहिलं.

हाना मघाशी फोनवर रडत म्हणाली, "आई, पपांनी सांगून ठेवलंय, कबरीच्या दगडावर एल्साचंही नाव घाला."

घाल गं बाई. तुझी आत्या ती.

ओटोराव, या आता. पोर भेटली की आधी कडेवर घ्या.