प्योर वेज साडू

देवाने माणसाला तोंड एकच दिलं, पण आमच्या साडूंनी खायला एक आणि दाखवायला एक अशी दोन करून घेतली होती. जन्म रत्नागिरीचा, बालपण अंगणातल्या सुकटीवरचे कावळे हाकण्यात गेलेलं, पण मीरा रोडच्या गुजराती सोसायटीत फ्लॅट घेतला आणि गृहस्थ लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले, "हम तो प्योर वेज हैं जी!" घरात मात्र माझी मेव्हणी खिडक्या लावून, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून, मूठभर उदबत्त्या पेटवून बोंबील भाजायची. समोरच्या बेननी कौतुकाने विचारलं, "रोज पूजा करो छो?" तर साडू डोळे मिटून म्हणतात, "थोडा धार्मिक माहौल है." डोंबलाचा धार्मिक! त्या धुरात जेवताना मला ठसका लागायचा आणि वर ह्यांचं, "हळू खोका हो, बाहेर ऐकू जातं." ढोंगालाही काही मर्यादा असावी की नाही?

पुढे त्यांच्या लेकीचं, शलाकाचं, जवळच्याच मुर्धा गावातल्या एका मासेमाराच्या मुलाशी जमलं. मुलाची आई बोलणी करायला आली, ती रिकाम्या हाताने कशी येईल? स्वतः वाळवलेल्या बोंबलांची गच्च पिशवी घेऊन आली. नेमक्या बेन समोरच्या दारात उभ्या. साडूंनी उंबऱ्यावरच हात आडवा केला, "ये सब हमारे यहाँ नहीं चलता." मराठी बाईशी हिंदीत! बोलणीसाठी आत बसलेल्या मला असा संताप आला!

बाईने पिशवीचं तोंड आवळलं. "न्हाय चालत तं न्हाय. मंग आमचा पोर बी न्हाय चालायचा तुमाला. आमचे घरान ह्योच वास हाय." आणि ती लिफ्टने निघून गेली.

शलाका रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, खोटं तुमचं, आणि गेलं माझं."

साडू अनवाणी जिना उतरले, मागोमाग मी. खाली बाकांवर बसलेल्या अख्ख्या सोसायटीसमोर ते ओरडले, "ओ विहीणबाय, थांबा! ते बोंबील हकडं द्या! आम्ही खातो. जल्मापास्नं खातो!"

बाई थांबली. पिशवी त्यांच्या हातात देऊन हसली. आम्ही तिघं वर येतो तो बेन दारातच होत्या. म्हणाल्या, "अंकल, अगरबत्ती से बोंबील नहीं छुपता. हमको तो कब से मालूम है."

विहीणबाई आत गेल्या. साडू मात्र पॅसेजमध्येच पिशवीत नाक खुपसून उभे राहिले. इतक्या वर्षांचं साठलेलं एक खवचट वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"आईच्या अंगणाचा वास येतोय हो," ते म्हणाले. ते वाक्य गिळून मी त्यांच्या चपला आणायला खाली गेलो, आणि मग आठवलं, चपला त्यांनी घातल्याच नव्हत्या.