बाटलीतलं उकळलेलं पाणी

लेक तीन महिन्यांची होती तेव्हाचं हे. एप्रिल महिना, घरावर पत्रे. दुपारी पाळण्यात हात घातला तर तिची मान घामानं चिंब. वाटलं, आपल्याला एवढी तहान लागते, तर या जिवाचं काय होत असेल? मी पाणी खळखळून उकळलं, गाळलं, निववलं आणि बाटलीत भरलं. तिनं घटाघटा संपवलं. मला केवढं बरं वाटलं! मग रडली की बाटली.

दुसऱ्या दिवशी ती रडेचना. दूधही ओढेना, नुसती पडून. सासूला मी आत्ती म्हणते. आत्ती म्हणाली, "पोटभर पानी मिळालंय, म्हणून गप हाय."

चारच्या सुमाराला लेकीचे डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. मी ओरडले की नाही, आठवत नाही. शेजाऱ्यांच्या जीपमधून रामनगरचा दवाखाना गाठेपर्यंत मी तिच्या नाकाशी बोट धरून होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुधाशिवाय काय दिलं?"

"काहीच न्हाई. पानी तेवढं. उकळून दिलंय, बाई."

"किती?"

"कालपासनं चार-पाच बाटल्या."

"अहो, कितीही स्वच्छ असलं तरी एवढ्या बाळाला पाणी द्यायचं नसतं. दूध पिणं सुटतं, रक्तातलं मीठ कमी होतं. त्यानंच झटके आलेत."

पाण्यानं? विष म्हणाल्या असत्या तरी मला पटलं असतं. माझे हात मला माझे वाटेनात.

त्यांनी उपचार सुरू करून तिला बेळगावला पाठवलं. तिथं तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या छातीकडे तोंड वळवलं. आत्ती तिथंच फरशीवर बसून रडली.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "सहा महिन्यांची होईपर्यंत अंगावरचंच दूध. उन्हाळ्यातही तेच पुरतं. मग घास सुरू झाले की उकळून गार केलेलं पाणी, वाटीनं, दोन-चार घोट."

लेकीला सहा महिने पूर्ण झाले. मऊ भात भरवून झाला. पाण्याची वाटी समोर होती, पण माझा हात उचलेना.

"आत्ती, तुमीच द्या."

आत्तीनं मांडीवर घेऊन वाटी ओठाला लावली. लेकीनं दोन घोट घेतले, तिसरा आत्तीच्या लुगड्यावर सांडला. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिला खाली ठेवलंच नाही.