फाट्यावर उतरणाऱ्या बाई

गाडीत बसल्या की बाई आधी मागं वळायच्या. आमच्या छातीकडं बघत एवढंच विचारायच्या, "पट्टा?" मागच्यांना कशाला पट्टा, असं कुणी म्हटलं तर त्या गाडी सुरूच करू द्यायच्या नाहीत. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचा कंटाळा येतो आणि त्यांचं ऐकावंही लागतं.

बाई धरून आम्ही चार शिक्षक नगरहून तिसगावच्या पुढच्या एका शाळेत भाड्याच्या गाडीनं जायचो. बाई पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. स्वस्थ बसणं त्यांना माहीतच नव्हतं. वाटभर शेंगा सोलायच्या, दाणे आम्हाला द्यायच्या आणि टरफलं पर्समध्ये टाकायच्या.

एका सकाळी फाट्यावर आडव्या रस्त्यानं कांद्याचा टेम्पो आला आणि थेट बाईंच्या दारावर आदळला. आम्हाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बाईंचा पट्टा जागच्या जागी होता, पण दार आत आलं होतं. डाव्या बरगड्या मोडल्या, खुबा मोडला, पोटात रक्तस्राव झाला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, मी पट्टा लावला हुता ना?"

लावला होता, म्हणालो. त्यांचं समाधान झालं नाही. समोरून धडक बसली तर मध्ये इंजिन असतं, बाजूला नुसतं दार, असं डॉक्टरांनी समजावलं. पट्ट्यानं त्यांना बाहेर फेकलं जाऊ दिलं नव्हतं. आत येणारं दार त्याला अडवता येत नाही.

गावात मात्र लोक म्हणू लागले, पट्टा लावून बाईंनी काय मिळवलं? काठी टेकत त्या परत रुजू झाल्या, त्याच दिवशी परिपाठाला मुलांना म्हणाल्या की पट्टा नसता तर मी इथं उभी नसते. आवाज ठाम होता.

तेव्हापासून त्या मागच्या सीटवर मधोमध बसायच्या. फाटा आला की गाडी थांबवून उतरायच्या, दोन्हीकडं बघत लंगडत रस्ता ओलांडायच्या आणि पलीकडं परत बसायच्या. रोज उशीर व्हायचा. आमची चुळबुळ त्यांना कळायची, तरी उतरायच्याच. एकदा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, मी हाय ना, बघतो की."

"तुमी तवाबी हुता."

त्यानंतर फाटा आला की तो आपणहून गाडी थांबवू लागला. घरचे निवृत्ती घ्या म्हणून मागं लागले होते. बाई आज-उद्या करत राहिल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी त्या पुढं जाऊन बसल्या. फाट्यावर ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक दाबला. "चला," बाई म्हणाल्या. पट्टा दोन्ही मुठींत धरून त्या डाव्या काचेतून बघत राहिल्या. आडव्या रस्त्याला उसाचा एक ट्रॅक्टर थांबला होता. आमची गाडी पुढं गेली.

बाईंनी पाण्याची बाटली काढली. झाकण उघडेना, म्हणून मागं माझ्याकडं दिली. मी उघडून दिली. निम्मं पाणी पदरावर सांडलं.

"आता सोडते शाळा," त्या म्हणाल्या. "भिऊन सोडायची न्हवती."